मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी तयार इमारती घेताना काय बघावं?

आधी स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा किती पट लहान ते. एचओ हे स्केल म्हणजे 1:87, एन 1:160. ब्रिटिश ओओ 1:76, पण दोन रुळांमधलं अंतर एचओइतकंच, 16.5 मिमी, म्हणून दोन्ही एकच वाटतात नि तिथेच फसगत होते. मीही फसलो. ऑनलाइन मागवलेलं ओओचं स्टेशन सांगलीत पोचलं, तर एचओच्या माणसांशेजारी त्याचं दार वाड्याच्या दरवाजाएवढं! एचओत सात फुटी दार जेमतेम 24-25 मिमी भरतं. मापं विचारूनच घ्या.

दुसरं, बहुतेक तयार इमारती युरोपी धाटणीच्या. माझ्या लेआउटवरच्या मिरज जंक्शनला ती बर्फाळ मुलखातली छपरं काही शोभेनात. शेवटी नालीदार पुठ्ठ्याला विटकरी रंग मारून कौलं केली. प्लॅस्टिकची चकाकी मॅट वार्निशनं जाते. भिंतींच्या बुडाला काळ्या मातीच्या रंगाचा पातळ हात द्या, म्हणजे पावसाळा लागलेला दिसतो.