उरलेला एक ज्यूल गेला कुठे?

प्रश्न : ताणकाट्याला २ किलोग्रॅम वस्तुमान अडकवले असता त्याची स्प्रिंग १० सेंटिमीटर ताणली गेली. गुरुत्वत्वरण १० धरल्यास वस्तूचे वजन २० न्यूटन होते आणि ती खाली आल्यामुळे तिची स्थितिज ऊर्जा २ ज्यूलने घटते. ‘एक द्वितीयांश × बल × ताण’ या सूत्रानुसार मात्र स्प्रिंगमध्ये १ ज्यूलच साठतो. उरलेल्या ऊर्जेचे काय होते?
– बारावीची एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आपले दोन्ही आकडे बरोबर आहेत, हिशेबात फक्त वजन अडकवणारा हात धरायचा राहिला आहे.

रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगचे बल ताणाच्या प्रमाणात वाढते. आपल्या स्प्रिंगमध्ये ते शून्यापासून २० न्यूटनपर्यंत चढत जाते, म्हणून सरासरी १० न्यूटन बलाने ०.१ मीटर ताण देण्यासाठी १ ज्यूल कार्य करावे लागते. बल आणि ताण यांच्या आलेखात हेच कार्य त्रिकोणाच्या क्षेत्रफळाएवढे दिसते आणि सूत्रातील ‘एक द्वितीयांश’ तिथूनच येतो. (सूत्र पाठ करण्याच्या घाईत या आलेखाकडे सहसा कोणी पाहत नाही.) स्प्रिंग दाबली तरी हिशेब हाच राहतो.

गुरुत्वाकर्षण मात्र वस्तूला पहिल्यापासून शेवटपर्यंत २० न्यूटन बलानेच ओढत असते. वस्तू तळहातावर तोलत सावकाश खाली आणली, तर हातावरचा भार आरंभी २० न्यूटन असतो आणि स्प्रिंग ताणत जाईल तसा घटत शेवटी शून्यावर येतो. हाताचे बल वरच्या दिशेने आणि विस्थापन खालच्या दिशेने असल्यामुळे हात वस्तूवर उणे १ ज्यूल कार्य करतो. आपला हरवलेला ज्यूल तो हाच.

हात एकदम काढून घेतला, तर १० सेंटिमीटरवर हाच ज्यूल गतिज ऊर्जेच्या रूपात असतो. तेथे वस्तूचा वेग सेकंदाला १ मीटर असल्यामुळे ती न थांबता थेट २० सेंटिमीटरपर्यंत जाते. ताण दुप्पट झाल्याने स्प्रिंगमधील ऊर्जा चौपट, म्हणजे ४ ज्यूल होते आणि वस्तूची घटलेली स्थितिज ऊर्जाही तेवढीच भरते. त्यानंतर वस्तू वरखाली होत राहते आणि हवेचा रोध व स्प्रिंगच्या धातूतील अंतर्गत घर्षण यांमुळे १ ज्यूलची उष्णता होऊन ती अखेर १० सेंटिमीटरवर स्थिरावते.

त्या खालच्या टोकाला स्प्रिंगवर ४० न्यूटन, म्हणजे ४ किलोचा भार येतो. म्हणून ३ किलो क्षमतेच्या ताणकाट्यावर २ किलोचे वजनही झटक्याने सोडू नये. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली गेल्यास स्प्रिंग मूळ लांबीवर परतत नाही आणि रिकाम्या काट्याचा दर्शकही शून्यावर येत नाही.