डबल आयपीए नुसतीच कडू लागली तर?

भाऊ, तुम्ही लिहिलंत की पुण्याहून आणलेला डबल आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एल या बिअरच्या अधिक कडक प्रकाराचा, कॅन लातुरात उघडला तर कडूझार निघाला, वास काहीच नाही. मग लोक हिचं एवढं कौतुक का करतात? माझ्या मते तुमच्या हाती जीव गेलेली बिअर आली.

कडू तर ती असणारच. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या निकषांत डबल आयपीएला 60 ते 100 आयबीयू (कडवटपणाचं माप) आणि 7.5 ते 10 टक्के अल्कोहोल धरलंय. आपली नेहमीची स्ट्राँग अल्कोहोलमध्ये तिच्या जवळ जाते, कडवटपणात मात्र पार मागे. पण हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची फुलं, फक्त कडवटपणासाठी नसतात. उकळताना घातले की त्यांतल्या अल्फा आम्लांपासून कडवटपणा येतो. मागाहून, न उकळता घातले की सुगंधी तेलं उतरतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. उष्णता आणि ऑक्सिजन लागला की हा सुगंध आधी जातो, कडवटपणा बराचसा मागे राहतो. दुकानात फ्रीजबाहेर राहिलेला आणि वर मेच्या उन्हात डिकीतून आलेला कॅन असेल तर दुसरं काय होणार! ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली असेल तर शंकाच नको.

पुढच्या वेळी असं करा. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. फार गार असली तर वास उठत नाही. साध्या, स्वच्छ ग्लासात अर्ध्यापर्यंतच ओता आणि घोट घेण्याआधी वास घ्या. जालन्याची मोसंबी घरात असेल तर सालीला नखाने ओरखडा काढून हुंगा, मग ग्लास हुंगा. सिट्रा हॉप्सच्या ताज्या बिअरमध्ये त्याच घराण्यातला वास सापडतो, मागून पिकल्या आंब्याचाही. सिम्को असेल तर पाइनच्या डिंकाचा.

घोट गिळायचाच, थुंकायचा नाही, कारण कडवटपणाची खरी परीक्षा शेवटी असते. उत्तम बिअरमध्ये तो ठसठशीत येतो आणि स्वच्छ सुटतो; माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) खाली आधाराला असतो, पण गोड चिकटपणा नसतो. घशात खरवडत राहिला तर गुण कापा. अल्कोहोलची ऊब चालेल. थिनरचा वास चालणार नाही, लोण्याचाही नाही. मत दुसऱ्या-तिसऱ्या घोटानंतरच बनवा, कडवटपणा साचत जातो.

सोबत ठेचा अजिबात नको. तिखट आणि कडू एकमेकांना भडकवतात, अल्कोहोल त्यात तेल ओततं. कोरी भाकरी आणि पाणी पुरे. कॅन दोघांत वाटून घ्या, 8 टक्क्यांची बिअर घाईने पिण्याची नव्हे.

बीजेसीपीच्या 50 गुणांत वासाला 12, चवीला 20 आणि दिसण्याला फक्त 3 आहेत, तेव्हा गढूळपणावर अडू नका. कॅनच्या तळाची तारीख मात्र आधी वाचा. तीन महिन्यांच्या आतला, दुकानातही फ्रीजमध्येच असलेला कॅन घ्या आणि बर्फाच्या डब्यातून आणा.