हॉलला क्रीम द्यावा की पीच?

प्रश्न: आम्ही जळगावला राहतो. हॉलची खिडकी पश्चिमेला आहे आणि बेडरूमची उत्तरेला, तिथे दिवसा पण अंधारच वाटतो. दोन्हीकडे हलका पण उबदार रंग पाहिजे, पेंटरदादा म्हणतात सगळीकडे एकच पीच मारून टाका. काय करू?

उत्तर: ताई, सगळीकडे एकच नका मारू. पश्चिमेचं ऊन संध्याकाळकडे आधीच पिवळं-केशरी येतं, त्यात पीच दिला की भिंत चक्क नारिंगी दिसते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा असा हॉल बघूनच घाम फुटतो. तिथे सोललेल्या केळ्यासारखा फिका क्रीम घ्या. पीच खरा शोभेल तो उत्तरेच्या बेडरूमला, कारण तिथला उजेड जरा थंड, निळसर असतो आणि पीचमुळे तो छान उबदार होतो. छत मात्र दोन्हीकडे पांढरंच ठेवा.

नुसत्या शेड कार्डावर जाऊ नका बरं, चारी भिंतींना लागला की तोच रंग गडद वाटतो. छोटा सॅम्पल डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटाचा तुकडा रंगवा, दोन हात मारून वाळू द्या, मग सकाळी, दुपारी आणि रात्री लाईट लावून बघा. आणि हो, बल्ब! 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढरा एलईडी असला तर क्रीमची सगळी ऊबच जाते, 2700 ते 3000 वाला लावा. भिंतीला ओल असेल तर आधी तिचं बघा, नाहीतर पोपडे निघणारच.