सर्वांत चांगला जेम्स बाँड कोण: कॉनरी, मूर की क्रेग?

टिमथी डाल्टन. तुम्ही तिघांतून एक निवडायला सांगितलंय आणि त्या तिघांत डाल्टन नाहीच. बहुतेकांच्या यादीत तो नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1962 च्या ‘डॉ. नो’पासून 2021 च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत ईऑन कंपनीचे 25 बाँडपट आले आणि सहा नटांनी ही भूमिका केली. मी सांगलीचा. जुनी नाटकं नव्या संचात बघत मोठा झालो, त्यामुळे भूमिकेत नट बदलला म्हणून माझं काही अडत नाही. नवा नट आधीच्याच्या सावलीत उभा राहतो की भूमिका मुळापासून वाचतो, तेवढं मी बघतो. डाल्टनने इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्या वाचून ती मुळापासून उभी केली. त्याचा बाँड थकलेला आहे, चिडका आहे, आणि माणसं मारायचं काम करून करून आतून खरवडला गेलेला आहे.

‘द लिव्हिंग डेलाइट्स’ (1987) मधला व्हिएन्नाच्या जत्रेतला प्रसंग बघा. सॉण्डर्स नावाचा बाँडचा सहकारी आहे. सुरुवातीला दोघांचं जमत नाही, मग हळूहळू जमायला लागतं, आणि तेवढ्यात कॅफेच्या सरकत्या काचेच्या दारात त्याचा घात होतो. बाँडच्या पायाशी एक फुगा तरंगत येतो, त्यावर मारेकऱ्यांचा निरोप लिहिलेला. डाल्टन तो वाचतो आणि मुठीत फोडतो. मग पिस्तूल काढून फुग्यांच्या मागे धावतो. समोर निघतं एक लहान मूल आणि त्याची आई. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते रॉजर मूरच्या सातही चित्रपटांत मला सापडलेलं नाही. मूर लोभस होता, त्याच्याबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण याचा जीव जाऊ शकतो असं त्याच्याकडे बघून कधी वाटत नाही. 1985 च्या शेवटच्या चित्रपटात तो 57 वर्षांचा होता आणि ते वय पडद्यावर लपत नव्हतं.

डाल्टनला मिळाले दोनच चित्रपट. दुसरा ‘लायसन्स टू किल’ (1989). मित्राच्या लग्नाच्याच रात्री त्याची बायको मारली जाते आणि मित्राला शार्कच्या तोंडी दिलं जातं. वरिष्ठ सांगतात, सोड हे प्रकरण. बाँड ऐकत नाही, त्याचा परवाना काढून घेतला जातो, आणि तो एकटाच सूड घ्यायला निघतो. त्यानंतर कंपन्यांच्या कोर्टकज्ज्यांत मालिका सहा वर्षं अडकली आणि 1995 मध्ये ‘गोल्डनआय’ आला तेव्हा ब्रॉस्नन बाँड झालेला होता. डाल्टनचा तिसरा चित्रपट झाला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. 2006 मध्ये क्रेगचं ‘जखमी होणारा बाँड’ म्हणून एवढं कौतुक झालं. ते योग्यच होतं, पण ती वाट डाल्टनने आधीच पाडून ठेवली होती.

कॉनरीबद्दल वाद नाही. 1963 च्या चित्रपटात आगगाडीच्या अरुंद डब्यात रॉबर्ट शॉशी त्याची जी झटापट होते, तिला पार्श्वसंगीतच नाही. धडपड, काचा फुटल्याचे आवाज, धापा, बस्स. 60 वर्षं उलटून गेली, तरी तिच्यापुढे आजच्या मारामाऱ्या फिक्या वाटतात. लेझनबीच्या वाट्याला एकच चित्रपट आला, 1969 चा. तो डायना रिगसाठी आणि शेवटासाठी आवर्जून बघा.

पण खरं सांगू का? बाँड कोण, यापेक्षा त्याच्या जागी उडी कोणी मारली, याकडे माझं जास्त लक्ष असतं. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की आयर्विन पुलावरून उड्या टाकणारे पट्टीचे पोहणारे मी लहानपणापासून बघत आलोय. पोरगं कठड्यावर चढतं, खांदे जरा वर घेतं, एक श्वास घेतं, आणि तेवढ्यापुरती पुलावरची सगळी गर्दी गप्प होते. ती शांतता संगणकावर तयार करता येत नाही.

‘द स्पाय हू लव्हड मी’ (1977) च्या सुरुवातीला ती शांतता आहे. बर्फावरून घसरत बाँड कड्याच्या टोकावरून थेट दरीत झेपावतो. संगीत थांबतं. कितीतरी वेळ एक माणूस नुसता पडत राहतो, मग पॅराशूट उघडतं, त्यावर ब्रिटनचा झेंडा, आणि तेव्हा कुठे ती ओळखीची धून वाजते. ती उडी रिक सिल्व्हेस्टर नावाच्या माणसाने कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट ॲसगार्डवरून खरोखर मारली होती. पॅराशूट उघडत असताना पायातून सुटलेली एक स्की त्याला घासून जाते. थांबवून बघा, स्पष्ट दिसतं. ती त्यात अडकली असती तर काय झालं असतं, हा विचार मला दर वेळी येतो.

‘ऑक्टोपसी’ (1983) आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, कारण शूटिंग उदयपूरचं आणि सोबत कबीर बेदी, विजय अमृतराज. आमच्या गल्लीत तो व्हिडिओवर लागला तेव्हा कबीर बेदी दिसताच शिट्ट्या पडल्या होत्या. गारुडी, खिळ्यांची शय्या, गर्दीत उधळलेले पैसे, हा सगळा भारत मला तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. पण कबीर बेदीचा गोविंदा मात्र पहिल्या दर्जाचा. जुगाराचे फासे मुठीत चुरडतो तो प्रसंग सर्वांना आठवतो. मला जास्त आवडतो तो शेवटचा. विमान हवेत आहे, बाँड टपाला चिकटलाय, आणि मालक फर्मावतो की बाहेर जाऊन त्याला संपव. क्षणभर गोविंदाचा चेहरा उतरतो. तरीही हुकूम म्हणून तो जातो. विमानावरची ती झुंज बी. जे. वर्थ आणि जेक लोम्बार्ड या दोघांनी खऱ्या विमानावर, खऱ्या आकाशात केली. याच चित्रपटात आगगाडीबाहेर लटकताना मूरच्या जागी जोखमीचे प्रसंग करणारा मार्टिन ग्रेस भिंतीवर आदळून गंभीर जखमी झाला. पोस्टरवर या माणसांची नावं नसतात. निदान आपण प्रेक्षकांनी तरी ती माहीत करून घ्यावीत.

याच कारणासाठी ‘डाय अनदर डे’ (2002) मला सहन होत नाही. बर्फाच्या लाटेवर संगणकातला बाँड पतंग धरून तरंगतो आणि मनात भीती अशी उमटतच नाही. चारच वर्षांनी ‘कॅसिनो रोयाल’मध्ये ॲडम कर्ली या चालकाने ॲस्टन मार्टिन खरीखुरी सात वेळा उलटवली, त्याचा विश्वविक्रम नोंदला गेला, आणि मालिका शुद्धीवर आली.

आता सूत्रं ॲमेझॉनकडे गेलीत आणि पुढच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचं नाव जाहीर झालंय. ते भव्य दृश्यं उत्तम रचतात. माझी अपेक्षा इतकीच, की एका तरी प्रसंगात खरा माणूस खऱ्या उंचीवर उभा करावा आणि मागचं संगीत बंद ठेवावं.

तुम्ही नव्यानेच बघणार असाल तर ‘द लिव्हिंग डेलाइट्स’पासून सुरुवात करा, मग ‘कॅसिनो रोयाल’, मग मागे जाऊन कॉनरी. घरात लहान मुलं असतील तर ‘लायसन्स टू किल’ त्यांच्यासमोर लावू नका. शार्कचा आणि दाबाच्या टाकीतला प्रसंग फार क्रूर आहे. ब्रिटनमध्येही त्याला 15 वर्षांखालच्यांना मनाई होती.