फोन कुणाच्या हातात आहे, ते आधी बघ

18 जून 2021

सप्रेम आशीर्वाद.

तुझा थिसिसचा प्रस्ताव दोनदा वाचला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं लॉकडाऊनमधलं आरोग्य, आणि तेही सहभागी पद्धतीने, म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास त्यांनाच संशोधनात सोबत घेऊन. विषय महत्त्वाचा आहे आणि तुझी कळकळही दिसते. पण प्रश्नावली तुझी, वेळापत्रक तुझं, निष्कर्ष तुझे. बायकांनी फक्त उत्तरं द्यायची. 120 टेलिफोनिक मुलाखती, एक गुगल फॉर्म आणि शेवटी एक झूम कार्यशाळा. याला सर्व्हे म्हण, माझी हरकत नाही. चांगला सर्व्हे करणं सोपं नसतं. पण मग सहभागी म्हणू नकोस.

तू लिहिलंस की गावात जाता येत नाही, म्हणून सहभागाला मर्यादा येणार. मला उलट वाटतं. गावात गेलं की बरंच काही आपल्याच हातात राहतं. कुणाला बोलवायचं, कुठे बसायचं, विषय कधी बदलायचा, काय टिपायचं आणि काय सोडायचं, सगळं आपण ठरवतो आणि वर सतरंजीवर गोल बसलो म्हणून त्याला सहभाग म्हणतो. आता तू तिथे नसणार. तेव्हा हे निर्णय कुणीतरी तिथल्याच माणसाने घ्यायचे आहेत. ते तू देणार आहेस का, एवढाच माझा प्रश्न आहे. दिलेस तर पुण्यात खोलीत बसूनही काम होईल. नाही दिलेस तर गावात मुक्काम ठोकूनही होणार नाही.

आपल्याकडे याची उदाहरणं आहेत. सत्तरच्या दशकात आजच्या पालघर जिल्ह्यात काळूराम धोदडे आणि त्यांच्या आदिवासी सहकाऱ्यांनी भूमिसेना ही संघटना उभी केली. जमीन कुणाच्या नावावर, कसते कोण, कर्जात कोण अडकलंय, याचा शोध ते स्वतःच घेत होते, कारण लढायचं त्यांनाच होतं. बांगलादेशी अर्थतज्ज्ञ अनिसुर रहमान आणि त्यांचे सहकारी अभ्यासक तिथे पोचले ते नंतर. त्यांचा अभ्यास 1979 साली छापून आला आणि सहभागी कृती-संशोधनाच्या चर्चेत तो जगभर वाचला गेला. अलीकडचं बघायचं तर 2007 पासून राज्यातल्या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावाच्या समितीने आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. दोन्ही ठिकाणी माहिती गोळा करणारा माणूस गावातलाच होता. त्यामुळे संशोधकाने लांब असणं ही काही करोनाने आणलेली नवी अडचण नव्हे.

आता फोनविषयी. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे आकडे आले, ते तू बघितलेच असशील. महाराष्ट्रात स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बायका साधारण 55 टक्के. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या 38 टक्के, आणि ग्रामीण भागात तर पाव हिश्श्याच्याही आत. म्हणजे गुगल फॉर्म आणि झूम इथेच बाद झाले. राहिला साधा कॉल. पण तोही कुणाच्या फोनवर? घरात एकच स्मार्टफोन असतो, दिवसा तो पोरांच्या ऑनलाइन शाळेत आणि संध्याकाळी नवऱ्याच्या खिशात. रिचार्ज संपला की काही दिवसांनी इनकमिंगही बंद. म्हणून पहिल्या फोनवर आरोग्याचा एकही प्रश्न नको. फोन कुणाचा, कधी मोकळा असतो, त्या वेळी जवळ कोण असतं, स्पीकरवर बोलायची सवय आहे का, एवढंच समजून घे. मुलाखतीची वेळ तिने ठरवायची. रात्री स्वयंपाक उरकल्यावर म्हणाली तर रात्री. सध्या पेरणीचे दिवस आहेत. दुपारी फोन लागला नाही तर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहून मोकळी होऊ नकोस, ती शेतात असेल.

अनोळखी नंबरवरून फोन आला की माणसं बिचकतात, हेही लक्षात घे. गेल्या वर्षी प्रत्येक कॉलच्या आधी तो खोकला ऐकू यायचा, मग सरकारी सूचना, आणि त्यानंतर कुणी शहरी आवाजात ‘तुमच्या घरात कुणाला ताप आहे का’ विचारलं तर पलीकडचं माणूस आधी फोनच ठेवून देणार. घरातल्याला उचलून नेतील, गल्ली पत्रे ठोकून बंद करतील, ही भीती खरी होती आणि अजून गेलेली नाही.

नंबर कुठून मिळवशील? सगळ्यात सोपी वाट मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची. त्याच्याकडे टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याची, यादी असते, आणि तो ती आनंदाने देईल. घेऊ नकोस. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, त्याच्याकडून घेतलेली असते, ती फिटेपर्यंत बाई त्याच्या शब्दाबाहेर नसते. त्याच्यामार्फत फोन गेला की ‘काम चांगलंय, त्रास काही नाही’ हेच उत्तर 120 वेळा मिळेल. दुसरी सोपी वाट आशाताईची. राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा याच आठवड्यात संपावर गेल्या आहेत. सव्वा वर्ष घरोघर जाऊन ऑक्सिमीटर लावणाऱ्या, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची नोंद करणाऱ्या या बायकांना मानधन किती मिळतं ते तुला माहीत आहे. त्यांच्यावर तुझ्या थिसिसचं काम फुकट टाकायचा विचारही करू नकोस.

मग कुणाकडे जायचं? जिथे आधीपासून ओळख आहे तिथेच जा. तू दोन वर्षांपूर्वी ज्या गावांत बचत गटांच्या बैठकांना जात होतीस, तिथल्या चार-पाच जणी तुला नावाने ओळखतात. अभ्यास तेवढ्याच गावांचा कर. 120 हा आकडा सोडून दे. फोनवर नव्याने विश्वास जमवता येतो असं सांगणारे भेटतील. माझा त्यावर भरवसा नाही. आधीचं नातं फोनवर टिकवता येतं, हे मात्र नक्की.

या चार-पाच जणी तुझ्या माहितीदार नाहीत, सह-संशोधक आहेत. त्यांनी आपल्या वस्तीतल्या बायकांशी बोलायचं, तू त्यांच्याशी. रोजगाराच्या दराने मानधन दे, आणि रिचार्ज कामाच्या आधी मार, नंतर बक्षीस म्हणून नको. विद्यापीठाच्या बजेटमध्ये याला रकाना नसतो हे मला माहीत आहे. ‘क्षेत्रकार्य प्रवासखर्च’ यात धरलेले पैसे आता लागणार नाहीत, तेच इकडे वळव.

मुख्य म्हणजे प्रश्न कोणते विचारायचे हेही त्यांच्यासोबत ठरव. बीडच्या या बायकांना आपण प्रश्न विचारून दमवलंय. 2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, सरकारने समिती नेमली, 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. त्यानंतर पत्रकार आले, संस्था आल्या, विद्यार्थी आले. आता तुझा फोन गेला की पलीकडून पहिला प्रश्न येईल, ‘पिशवीचंच इचारायचंय ना?’ त्यांना कदाचित दुसरंच काही बोलायचं असेल. दोन आठवड्यांपूर्वी मंत्रिमंडळाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली. दसऱ्याला टोळी निघेल तेव्हा पोरं मागे ठेवायची की सोबत न्यायची, हा त्यांचा या वर्षीचा प्रश्न असू शकतो. तसं झालं तर तुझा विषय बदलेल, आणि तो बदलू दे. विद्यापीठातल्या समितीला काय सांगायचं ते मी बघते.

गटचर्चा कशी करायची, असं तू विचारलं होतंस. साध्या फोनवरही पाच जणींना एका कॉलवर जोडता येतं. आपण गावात हंगाम-दिनदर्शिका मांडायचो, जमिनीवर बारा घरं आखून खडे ठेवायचो, तीच इथे करता येते. प्रत्येकीने आपल्या घरी एका परातीत मूठभर ज्वारी घेऊन बसायचं. महिने त्यांचे, दिवाळी, संक्रांत, शिमगा, पाडवा, आखाड. ज्या महिन्यात अंगदुखी जास्त त्यात जास्त दाणे, ज्यात दवाखान्याला पैसे नसतात त्यात वेगळी रास. मग एकीने मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. गंमत इथून पुढे आहे. कुणीतरी मध्येच म्हणणारच, ‘शिमग्याला एवढं दुखणं कुठलं, तवा तर पट्टा पडायला आलेला असतो’, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपत आलेला असतो. दुसरी म्हणेल, ‘तुमच्या कारखान्याचा पडत असंल, आमचा नाही.’ हा वाद म्हणजेच तुझा डेटा. त्या वेळी तू गप्प बस. फोनवर शांतता पसरली की आपल्याला लगेच ‘हॅलो, ऐकू येतंय का’ म्हणायची घाई होते. दहा-पंधरा सेकंद कळ काढ, कुणीतरी बोलतंच.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नकोस. त्यात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि फोन नवऱ्याचा असेल तर ग्रुपही नवऱ्याचाच. व्हॉइस नोट मागवायची असेल तर थेट तुझ्याकडे, आणि ऐकून उतरवून घेतली की तिच्या फोनमधून कशी पुसायची तेही तिला दाखव. फोटो मागवणार असशील तर कशाचा काढायचा हे ती ठरवेल, आणि माणसांचे चेहरे नकोत. फडावरच्या एका फोटोवरून टोळी ओळखता येते, टोळीवरून मुकादम, आणि पुढच्या वर्षीची उचल त्याच्याच हातात असते.

संमतीचं म्हणशील तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) एप्रिल 2020 मध्येच नैतिकता समित्यांसाठी महामारीतल्या संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, प्रत्यक्ष कागदाऐवजी दुसऱ्या मार्गाने संमती घ्यायला त्यात वाव आहे. तुझ्या समितीला तेवढं पुरेल. मला पुरत नाही. संमती प्रत्येक कॉलला नव्याने घे. ‘आज बोलायचंय का?’ एवढंच विचार आणि ‘नको’ म्हणाली तर ख्यालीखुशाली विचारून फोन ठेव. शिवाय दोघींत एक खुणेचं वाक्य ठरवून ठेव. ती ‘गॅसचा नंबर लावलाय का’ असं काहीतरी म्हणाली की समजायचं, कुणीतरी जवळ आलंय, विषय बदल. लॉकडाऊनमध्ये घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्याचं राष्ट्रीय महिला आयोगाने गेल्या वर्षीच सांगितलं होतं. हिंसेचा प्रश्न तू स्वतःहून विचारू नकोस. ती बोललीच तर पुढे कुणाकडे पाठवायचं, त्या तालुक्यातल्या कार्यकर्तीशी तुझं आधीच बोलणं झालेलं हवं. ती व्यवस्था नसेल तर त्या विषयाला हातच घालू नकोस.

कधीकधी संशोधन बाजूला ठेवावं लागेल. गेल्या वर्षी 24 मार्चच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि तीन दिवसांत काही स्वयंसेवकांनी अडकलेल्या मजुरांचे फोन घ्यायला सुरुवात केली. त्यातून स्ट्रँडेड वर्कर्स अॅक्शन नेटवर्क उभं राहिलं. आधी रेशन आणि पैसे पोचवायचे, त्यासाठी लागेल तेवढंच विचारायचं. एप्रिलच्या मध्यापर्यंत अकरा हजारांवर मजुरांची माहिती त्यांच्याकडे जमली होती आणि त्यावरचा त्यांचा अहवाल न्यायालयापासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे उद्धृत झाला. मुलाखत घ्यायची म्हणून त्यांनी फोन केलाच नव्हता. तुझ्या पहिल्या पाच फोनांत कुणी सांगितलं की लसीची नोंदणी जमत नाही, कोविनवर ओटीपी येतो तो फोन पोराकडे आहे, तर तो दिवस नोंदणीत घालव.

काय कळणार नाही, हेही स्पष्ट लिही. परातीत किती भाकरी होत्या, सासू दारात उभी होती का, बोलताना हात कुठे होता, हे फोनवर दिसत नाही. ते अंदाजाने भरू नकोस. लागलंच तर सह-संशोधकांना बघायला सांग आणि ते त्यांच्या नावाने, त्यांच्या शब्दांत येऊ दे. नाव हवं की नको, हेही त्यांनाच विचार.

कॅलेंडर मात्र घट्ट धर. दसऱ्यानंतर गावं रिकामी होतात. मग कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे फड, पाचटाच्या खोप्या, चार्जिंगला गावातलं दुकान, आणि पहाटे चारला उठलेल्या बाईकडून रात्री मुलाखत मागायची हिंमत तुला होऊ नये. म्हणून बोलणं सप्टेंबरअखेर संपव आणि निष्कर्ष त्या निघायच्या आधी त्यांना ऐकव. अहवाल नको, पाच-सात मिनिटांची ऑडिओ, त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी आवाजात. चुकलं असेल ते त्या सांगतील आणि तू दुरुस्त करशील. मुकादमाशी, कारखान्याशी किंवा जिल्हा परिषदेशी बोलताना त्यांना त्यातलं काय वापरायचंय आणि काय दडवून ठेवायचंय, हेही त्याच वेळी ठरेल. दडवायचं ते तुझ्या थिसिसमध्येही येणार नाही, हे लेखी दे.

प्रस्ताव पुढच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून पाठव. त्याआधी त्या चौघी-पाच जणींना फोन कर, प्रस्ताव साध्या भाषेत वाचून दाखव, आणि त्यांनी काय काय खोडायला सांगितलं त्याची यादी सोबत जोड. यादी कोरी आली तर मी वाचणार नाही.

तब्येत सांभाळ. लसीचा दुसरा डोस चुकवू नकोस.

तुझी
ताई