‘जत्रेतले खेळ’ म्हणजे नेमके कोणते?

एका अनुवादकाचा प्रश्न आहे: मजकुरात ‘कार्निव्हल गेम्स’ असं आलंय, त्याला ‘उत्सवी खेळ’ म्हणावं की ‘जत्रेतले खेळ’? आणि बाटलीच्या मानेत रिंग टाकायच्या खेळाला ‘सोरट’ म्हटलं तर चालेल का?

‘उत्सवी’ नको. कार्निव्हल हा मुळात कॅथलिक परंपरेतला, लेंटच्या उपवासकाळाआधीचा उत्सव. मांस वर्ज्य करणं हा अर्थ त्या शब्दाच्या मुळाशी आहे. पण अमेरिकी इंग्रजीत त्याचा अर्थ बदलला. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात निव्वळ करमणुकीचा एक स्वतंत्र विभाग होता. त्या धर्तीवर पाळणे, तंबू आणि बक्षिसांचे स्टॉल घेऊन गावोगाव फिरणारे ताफे निघाले आणि त्यांनाही ‘कार्निव्हल’ म्हणू लागले. तिथे उपवास नाही आणि सणही नाही. ‘जत्रा’ हाच शब्द त्याच्या जवळचा.

खरी अडचण ‘खेळ’ या शब्दात आहे. मराठीत खेळ खेळतात तसा बघतातही. डोंबाऱ्याचा खेळ, कठपुतळ्यांचा खेळ, सर्कशीचा रात्रीचा खेळ, इतकंच काय, सिनेमाचा शेवटचा खेळ. तेव्हा ‘जत्रेतले खेळ’ असं नुसतं लिहिलं तर अर्ध्या वाचकांच्या डोळ्यांसमोर मौत का कुआँ उभा राहील. तो मूळ लेखकाच्या मनातही नसेल.

नामाने झालेला हा घोटाळा आपण बोलताना क्रियापदाने सोडवतो. पाळण्यात बसायचं, मौत का कुआँ बघायचा, रिंग टाकायची, फुगे फोडायचे. ‘चला, पाळणा खेळू’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीत ‘राइड’, ‘शो’ आणि ‘गेम’ असे तीन वेगळे शब्द लागतात, मराठीत तेच काम बसणे, बघणे आणि खेळणे ही क्रियापदं चोख करतात. म्हणून माझी शिफारस: पहिल्यांदा ‘जत्रेतले बक्षिसाचे खेळ’ असं लिहा. एकदा संदर्भ बसला की पुढे नुसतं ‘खेळ’ पुरेल.

या तीन खणांमधल्या भिंती मात्र पक्क्या नाहीत. गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांचंच बघा. त्यांचं इंग्रजी नाव फ्रेंच ‘कारूसेल’वरून आलं आणि कारूसेल म्हणजे मुळात घोडेस्वारांच्या कसरती. दौडत्या घोड्यावरून टांगलेल्या कडीत भाला घालणं हा त्यातला एक प्रकार. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने 1662 साली पॅरिसमध्ये असा भव्य सोहळा भरवला होता आणि तो जिथे झाला त्या चौकाला आजही कारूसेलचंच नाव आहे. याच कडीच्या सरावासाठी लाकडी घोडे आले आणि पुढे ते जत्रेत पोचले. म्हणजे आज ज्यात आपण नुसते बसतो, तो एके काळी नेम धरण्याचा खेळ होता. अमेरिकेतल्या काही जुन्या चक्रांवर बाहेरच्या घोड्यावर बसलेल्याने हात लांबवून कडी ओढायची पद्धत होती. पितळी कडी हाती आली तर एक फेरी फुकट!

आता सोरट. रिंगफेकीला सोरट म्हणू नका. सोरटात चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जो आकडा निघेल त्याचं बक्षीस घ्यायचं. हात कसलेला असो वा नवखा, काही फरक पडत नाही. फिरत्या चक्राचा काटा कुठल्या आकड्यावर थांबेल त्यावर बक्षीस असेल, तर तोही सोरटाचाच भाऊ. रिंग टाकताना, बंदुकीने फुगे फोडताना किंवा डब्यांची उतरंड चेंडूने पाडताना मात्र नेम लागतो. ‘नेम’ हा शब्द मला इथे फार मोलाचा वाटतो. तो धरतात, तो साधतो आणि तो चुकतोही. ‘पावसाचा काही नेम नाही’ म्हणतो तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ खात्री असा होतो. म्हणजे नशिबाच्या थेट विरुद्ध बाजूचा शब्द आपल्याकडे तयार आहे. ‘कौशल्याधारित खेळ’ असलं कागदी जोडकाम कशाला करायचं? ‘नेमाचे खेळ’ म्हणा.

रिंग बाटलीच्या मानेपेक्षा जेमतेम मोठी असते आणि कडक असल्यामुळे काचेवरून उसळते. उतरंडीतला एखादा डबा इतरांपेक्षा जड ठेवलेला असू शकतो. तेव्हा साधलेला नेमही वाया जातो, पण म्हणून त्या खेळाचं सोरट होत नाही. त्याला ‘फसवा नेमाचा खेळ’ म्हणता येईल.

मजकुरात ब्रिटिश जत्रेतला, काठीवर ठेवलेले नारळ चेंडू मारून पाडण्याचा खेळ आला, तर ‘नारळ पाडणे’ लिहा. हातोडा मारून वरची घंटा वाजवायचा खेळ ताकदीचा आहे, त्यालाही सरळ ‘घंटा वाजवण्याचा खेळ’ म्हणा. नवे शब्द घडवायची गरज नाही.