बाळंतपणानंतर न्यूरोफीडबॅक करून घ्यावं का?

खारघरच्या एका ताईंनी विचारलंय: बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, लहानपणी घरात खूप मारहाण सोसली, आता बाळ रडलं की अंग गार पडतं आणि आपण वाईट आई आहोत असं वाटतं. एका सेंटरने न्यूरोफीडबॅकचं, म्हणजे मेंदूच्या लहरी स्क्रीनवर बघून त्या बदलायला शिकण्याचं, ३० सेशन्सचं पॅकेज सांगितलंय, पैसे आधी भरायचे. करावं का?

पैसे आज भरू नका. पॅकेज कुठे पळून जात नाही.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात राहते, मुलगी आता चार वर्षांची आहे, आणि ती पाच महिन्यांची असताना मी हे न्यूरोफीडबॅक केलंय. तेवढ्या अधिकारावर लिहिते.

रीतीप्रमाणे मी बाळंतपणाला माहेरी, कळव्याला गेले होते. सव्वा महिना. आईने डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी सगळं मनापासून केलं, नाव ठेवायला जागा नाही. पण खोली तीच होती. बाबांच्या स्कूटरचा स्टँड लागल्याचा आवाज आला की त्याच खोलीच्या दाराआड मी आणि भाऊ श्वास रोखून उभे राहायचो. बाबा आता थकलेत, नातीला मांडीवर घेऊन बसतात. आणि मी खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या चपलांच्या आवाजाने घामाघूम होत होते. बाळ रडलं की दूधही उतरायचं आणि हातपायही गार पडायचे, दोन्ही एकदमच. आई म्हणायची, "वारा लागला असेल, कान बांध." मी कान बांधत होते. माहेरपणात आराम पडत नाही, हे कुणाला सांगणार?

म्हणून 'वाईट आई' वगैरे राहू द्या. ज्या घरात मोठा आवाज म्हणजे मार, त्या घरात वाढलेलं शरीर मोठ्या आवाजाला तसंच उत्तर देतं. आवाज तान्ह्या बाळाचा आहे हे डोक्याला कळतं, शरीराला उशिरा कळतं. त्यात रात्र रात्र जागरण.

आता मूळ प्रश्नाकडे. न्यूरोफीडबॅकमध्ये मेंदूत काही सोडत नाहीत. करंट नाही, औषध नाही, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईला त्याची भीती नाही. ईईजीसारखेच (मेंदूच्या लहरी मोजायची तपासणी) सेन्सर पेस्टने डोक्याला चिकटवतात, मेंदूच्या लहरी कॉम्प्युटरवर दिसतात, आणि ठरवलेल्या पट्ट्यातली लहर वाढली की समोरचं चित्र हलतं किंवा गाणं चालू राहतं. माझ्या स्क्रीनवर एक होडी होती. 'होडी चालव' म्हणून ती चालत नाही. आपण नेमकं काय केलं की ती पुढे सरकते, हे आपलं आपल्यालाच हळूहळू उमगतं. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बॅरी स्टर्मन या संशोधकांनी १९६० च्या दशकात मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची (सेकंदाला १२ ते १५ वेळा येणारी) लहर वाढवायला शिकवलं होतं, बक्षीस म्हणून खायला देऊन. आम्हाला होडी.

पहिल्या तीन सेशन्सना माझी होडी जागची हलली नाही. चौथ्या वेळी थेरपिस्ट म्हणाली, "मॅडम, दात सोडा." मी म्हटलं, कुठले दात? मी जबडा आवळून बसले होते. जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल लहरींपेक्षा कितीतरी मोठा असतो, तो मिसळला की मशीन सगळं वाचन बाद करतं. मी जबडा सैल सोडला, होडी सरकली, आणि मला एकदम रडू फुटलं, त्यामुळे होडी परत थांबली. दाराआड उभं राहायचे तेव्हापासून मी दात आवळते आहे, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर रात्री मुलगी रडली की आधी जबडा तपासायचा आणि मग तिला उचलायचं, अशी सवय लागली. त्या दोन-तीन सेकंदांत हात थोडे ऊबदार व्हायचे.

हे मशीनमुळे झालं का? खरं सांगू, मला ठामपणे म्हणता येत नाही. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, मुलगी नवऱ्याकडे, मोबाइल बंद, आणि एक बाई फक्त माझ्याकडे लक्ष देऊन बसलेली. बाळंतपणानंतर असं दुसरीकडे कुठे मिळालं होतं? तीन हात नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात एकटं बसायलासुद्धा बरं वाटायचं.

संशोधनातही थोडं असंच आहे. २०१६ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी ५२ जणांवर अभ्यास केला. सगळे दीर्घकाळच्या आघाताने ग्रासलेले, इतर उपचारांनी बरे न झालेले. साधारण निम्म्यांना २४ सेशन्स दिली, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. उपचारानंतर सेशन्स घेतलेल्या २२ जणांपैकी ६ जण पीटीएसडीच्या (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) निकषात बसत होते, थांबलेल्या २२ पैकी १५. आकडा मोठा आहे. पण तुलना कशाशी? नुसतं थांबण्याशी. खोटं मशीन लावून, म्हणजे खरी लहर न दाखवता नुसता देखावा करून, तुलना केली तिथे चित्र वेगळं दिसतं. झोप न येण्यावरच्या ऑस्ट्रियातल्या अभ्यासात (२०१७) आणि मुलांच्या एडीएचडीवरच्या (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२०२१) खऱ्या न्यूरोफीडबॅकने खोट्यापेक्षा जास्त काही दिलं नाही. म्हणजे बरं वाटतं, पण त्यातलं किती लहरींमुळे आणि किती त्या पाऊण तासामुळे, हे वेगळं करणं अवघड.

अजून एक. नेटवर वाचून सेंटरवाले 'अमिग्डला शांत करतो' म्हणतात. भीतीशी जोडलेला तो भाग मेंदूत खोलवर असतो, डोक्यावर चिकटवलेल्या सेन्सरला थेट दिसत नाही. त्यावरचे थेट प्रयोग एमआरआय मशीनमध्ये पडून केले जातात. गल्लीतल्या सेंटरमध्ये ते नसतं. कुणी तसं म्हणालं तर तिथूनच उठा. माझ्या सेंटरने असं काही म्हटलं नव्हतं, पण ४० सेशन्सचे पैसे आधी मागितले होते. नवऱ्याने हट्टाने १० चेच भरले. मी १८ वर थांबले, कारण तोवर माझं खरं काम दुसरीकडे सुरू झालं होतं.

ते दुसरीकडचं तुम्ही आधी करा. मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. ते बहुधा प्रसूतीनंतरचं नैराश्य तपासणारी १० प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली देतील, पाच मिनिटांचं काम आहे. प्रसूतीनंतरचं नैराश्य आपल्याकडे दुर्मीळ नाही: भारतातल्या अभ्यासांच्या २०१७ च्या एकत्रित आढाव्यात ते सुमारे २२ टक्के मातांमध्ये दिसलं. गोळी लागलीच तर पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, स्वतःहून पाजणं तोडू नका. आणि लहानपणच्या आघातासाठी ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलून करायची थेरपी) आणि ईएमडीआर (डोळे ठरावीक पद्धतीने हलवत जुनी आठवण हाताळायची थेरपी) आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी २०१३ मध्ये या दोन्ही पद्धती सुचवल्या होत्या. मी ईएमडीआर केलं. स्कूटरचा स्टँड तिथे सुटला, होडीत नाही. पैशाची अडचण असेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. नावाला घाबरू नका, तिथे रोज साधी घरातली माणसं रांगेत असतात. बोलायला १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

बाळाला आपल्या हातून काही होईल अशी चित्रं डोळ्यांसमोर येऊन तुम्ही घाबरत असाल, तर तसं खूप आयांना होतं. डॉक्टरांना न लाजता सांगा. पण आवाज ऐकू येत असतील, दोन-दोन दिवस झोपेची गरजच वाटत नसेल, बाळाबद्दल भलतंच काही खरं वाटायला लागलं असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर उद्यावर टाकू नका, कुणाला तरी घेऊन आजच हॉस्पिटल गाठा. बाळाला हिरावून घेतील ही भीती मला फार होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की आई दाखल झाली तरी तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही.

हे सगळं मार्गी लागल्यावर हातात पैसे असतील तर न्यूरोफीडबॅक करा, माझी ना नाही. आधी विचारा, मशीन चालवणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे की आठवड्याचा कोर्स केलेली. सेशनमध्ये जुनं काही वर आलं तर तिथे कोण सांभाळणार, हेही विचारा. मला रडू फुटलं तेव्हा तिने मशीन बंद करून पाणी दिलं आणि थांबली. त्यावरूनच मी पुढची सेशन्स घेतली.

आणि जायच्या आदल्या रात्री केस धुवा, डोक्याला तेल लावू नका, सेन्सर चिकटत नाहीत. बाळंतिणीने डोकं कोरडं ठेवलं म्हणून घरात बोलणं होईल. मी 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढंच सांगायचे. वर केसांतली ती चिकट पेस्ट बघून सासूबाईंनी विचारलंच, "हे कुठलं नवीन तेल?"